न उतरलेला पहारा

काचेच्या कपाटात वीणा आडवी निजवून ठेवली होती, आणि ती बघताच नीलाबाईच्या काळजात धस्स झालं. कशानं झालं ते आधी तिला कळलंच नाही. खालच्या कारखान्यातल्या आवाजांनी डोकं भणाणून गेलेलं, उकळत्या सरसाचा वास नाकातून जात नव्हता, आणि पहाटेच्या एसटीनं अहमदपूर-लोहा करत नांदेडला येईतो हाडं खिळखिळी झाली होती. पहिल्यांदा तिला वाटलं, कुणीतरी माणूसच निजवलंय. मग भोपळ्यावरचा डाग दिसला. तळहाताएवढा, काळपट, दरसाल गावातल्या बायांनी तेला-विभूतीची बोटं टेकवून टेकवून पडलेला. आता त्याच्यावर पॉलिश मारलं होतं, पण डाग तो डागच. तिच्या मनात वेड्यासारखं एवढंच आलं, की अगं बाई, हिला कुणी गं आडवी केली? शेजारी तिचा दीर ईश्वरप्पा उभा होता, धोतराचा सोगा हातात धरून, लेकीच्या लग्नात उभा राहावा तसा. काचेवर पितळी पाटी होती. नीलाबाईला अक्षरं जुळवत वाचता यायचं, तिनं जुळवून वाचलं. कैलासवासी माणिकप्पा यांच्या स्मरणार्थ, बंधू ईश्वरप्पा, लातूर. ईश्वरप्पा म्हणाला, "वैनी, दादाचं नाव बगा. पितळंत हाय, जाणार न्हाई."

आता ह्यावर काय बोलावं माणसानं? ईश्वरप्पा वाईट असता तर बरं झालं असतं. वाईट माणसाला शिव्या घालून मोकळं होता येतं. हा तर नवरा मेल्यापासून तिला सांभाळणारा दीर. लातुरात गंजगोलाईच्या मागच्या घरात तिला वेगळी खोली दिली, दिवाळीला आपल्या बायकोच्या, गुरम्माच्या आधी हिला लुगडं घेतलं, जाऊबाई कधी तोंड वाकडं करायला लागली तर तिलाच गप्प बसवलं. अडत चांगली चालायची त्याची. आणि दोन वर्षांमागं लातूरचा जिल्हा झाला तसा तर तो वीतभर वाढल्यासारखा चालायला लागला होता. जिल्हा झाला म्हणजे काय झालं, तर जुन्या इमारतींवर नवे फलक लागले, साहेबांच्या जीपा वाढल्या, आणि नळाला पाणी होतं तेही गेलं. टँकर आला की गल्लीतल्या बाया घागरी घेऊन अशा पळायच्या की बघवायचं नाही. पण ईश्वरप्पाला जिल्ह्याचं भारी कौतुक. आता आपण काय तालुक्याचे राहिलो न्हाई, जिल्ह्याचे झालो, म्हणायचा. गावाकडं औशाजवळ त्यांचा लिंगायतांचा मठ होता, त्याची देखभाल ह्याच्याकडं. त्यानं मठाला कर्णा घेतला, टेप घेतला. सप्त्यात आता टेप लावायचा, सात दिवस शिवनाम अखंड चालतं, कुणाला उभं राहायला नको, कुणाचे पाय सुजायला नकोत. टेप दमत न्हाई, असं तो परवाच जेवताना म्हणाला होता, आणि नीलाबाई भाकरी थापता थापता ऐकत होती. टेप वाजेना का, तिनं मनात म्हटलं होतं. मठातली वीणा तर खुंटीला आहेच.

कारण तिनं ठरवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, तव्याला सांगितलं नव्हतं की देवाला. येत्या सोमवारी, श्रावणातल्या त्या कोरड्याठाक सोमवारी, सप्ता बसणार होता. त्या दिवशी गावी जायचं, मठात सगळ्यांच्या देखत पुढं व्हायचं, आणि वीणेचा पहिला पहारा मागायचा. मागायचा म्हणजे मागायचाच. मठाच्या स्वामींनी, अय्यांनी, नाही म्हटलं तरी उठायचं नाही. बहात्तर सालापासून हे तिच्या आत होतं. कधी विझल्यासारखं व्हायचं, कधी रात्रीच्या जेवणाचा घास तोंडात फिरायचा. ह्या वर्षी आभाळानं पुन्हा डोळे वटारले, आणि गावाहून आलेली कुणी बाई गुरम्माजवळ बोललीच, की बहात्तरला पण असंच झालं होतं, न्हाई का, त्या साली बाईनं वीणा घेतली. बोलणारीनं नीलाबाईकडं बघितलं नव्हतं. बघितलं असतं तर बरं होतं. त्या दिवशी तिनं ठरवलं, आणि ठरवल्यावर इतकं हलकं वाटलं, की संध्याकाळी टँकरवर ती भांडून दोन घागरी जास्तीच्या घेऊन आली.

म्हणूनच ईश्वरप्पा जेव्हा म्हणाला, वैनी, नांदेडला चला, धान्याच्या मोंढ्यात माझं काम हाय आन् तुमाला एक दाखवायचंय, तेव्हा ती लगेच लुगडं बदलून निघाली. मनात म्हणाली, गाडीत एकांत मिळंल, तिथंच ह्याच्या कानावर घालू. पण गाडीत दोघांच्या मधे एक शेळीवाला येऊन बसला, शेळीसकट. लोह्यापर्यंत शेळी तिच्या पदराचा काठ चावत राहिली, आणि शब्द काही बाहेर आला नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगाला ज्वारी वितीएवढी होऊन पिवळी पडलेली. नांदेडच्या पुलावरून गोदावरी दिसली, तीही कशी, एका कडेला पाण्याची चिंधी आणि बाकी सगळा खडक. ऑटोनं त्यांना एका लांबड्या शेडपुढं आणून सोडलं. वाद्यांचा कारखाना, ईश्वरप्पा म्हणाला, पार पंजाबात इथल्या पेट्या जातात, गुरुद्वाऱ्याला लागतात ना. मालक शेषेराव दारातच उभे होते. साठीतला माणूस, पांढरी टोपी, शर्टाच्या बाहीवर लाकडाचा भुसा, बोलणं गोड. ते मूळचे नायगावकडच्या खेड्यातले. हे त्यांनी पहिल्या पाच वाक्यांतच सांगून टाकलं, जसं तिकडचा कुणीही सांगतो.

कारखाना बघताना नीलाबाईला सुख वाटत होतं आणि कशाची तरी धास्तीही वाटत होती. एका ओळीत माणसं मांडी घालून पेट्यांचे भाते चिकटवत होती. एकजण एकच पट्टी दाबून धरून कान देऊन बसला होता, किती वेळ, जसा काही तो सूर संपला की जगबुडी होणार. कोपऱ्यात तबल्याची कातडी हौदात भिजत घातलेली. त्या हौदभर पाण्याकडं तिचे डोळे आपोआप गेले, आणि तिनं मनातल्या मनात घागरी मोजायला सुरुवात केली. मग स्वतःचीच लाज वाटून तिनं मान फिरवली. इतके सूर एका वेळी, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. बाजारात सगळे एकदम बोलतात तसं ते. तिला मठातला एकच आवाज आठवायला लागला. वीणेचा. चार तारा, त्याच त्या, पुन्हा पुन्हा, दिवस न् रात्र. गाणारे बदलायचे, टाळकरी झोपायचे, पण तो आवाज थांबायचा नाही. सप्त्यात वीणा एकदा गळ्यात आली की ती खाली ठेवत नसतात. पहारा संपला की दुसरा येतो, आधी पायावर डोकं ठेवतो, मग वीणा आपल्या गळ्यात घेतो, आणि पहिला वाकून त्याच्या पाया पडतो. लहानमोठं, गरीबश्रीमंत काही बघायचं नाही. पाया पडल्याशिवाय पहारा उतरत नाही. हे त्यांच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. शेषेराव तेवढ्यात म्हणाले, आता वर चला, वर आमचं संग्रहालय आहे, लोकांनी दिलेली जुनी वाद्यं. आणि ती जिना चढली, आणि काचेत वीणा आडवी होती.

बहात्तरचा तो सप्ता. गाव निम्मं रिकामं, ज्याला हातपाय होते तो दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेला. सप्ता बसवू नये असं अय्यांचं म्हणणं होतं, पहाऱ्याला माणसं कुठून आणायची? पण तिचा नवरा माणिकप्पा हट्टाला पेटला. म्हणाला, पाऊस मागायचा आन् उभं राहायला माणूस न्हाई, हे कसं? आपण बोलाचीच कढी करणारी माणसं नव्हेत. आणि उभा राहिला. पाचव्या दिवशी दुपारी त्याच्यानंतरचा माणूस आलाच नाही. कामावरून सुटला नसेल, नाहीतर वाटेत कुठं टेकला असेल, कोण जाणे. माणिकप्पानं तोही पहारा ओढला. पोटात अंबिलाशिवाय काही नव्हतं. नीलाबाई त्याच्यासाठी तांब्याभर पाणी घेऊन गेली. अडीच कोसांवरून आणलेलं पाणी ते. मठाच्या उंबऱ्यातच तिला दिसलं, की त्याचे गुडघे हलताहेत. तार वाजतेय पण बोटं मागं राहताहेत. आणि तो वाकला. पडताना माणूस हात पुढं टाकतो, ह्यानं टाकले नाहीत, दोन्ही हातांनी वीणा वर धरली. तिच्या हातातला तांब्या कधी सुटला तिला कळलं नाही. तिनं वीणा झेलली. तांब्या घरंगळत गेला, पाणी फरशीवरून वाहत गेलं आणि फटीत जिरलं. माणिकप्पा भिंतीला टेकून बसला आणि तिच्याकडं बघून एवढंच म्हणाला, "घाल गळ्यात. थांबू देऊ नको." ती म्हणाली, मी? तो म्हणाला, मग कोण हाय इथं? आणि बसल्या जागेवरून पुढं सरकून त्यानं तिच्या पायावर डोकं ठेवलं. नवऱ्यानं. तिच्या पायावर. तिला शरमेनं मेल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी गळ्यात वीणा आली.

ते पुढं कुणाला सांगावं असं तिला कधी सापडलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही घडलंच नव्हतं. ती उभी राहिली, एवढंच. वीणेचा पट्टा गळ्यातल्या इष्टलिंगाच्या दोऱ्यावर बसला. भोपळा पोटाशी टेकला. तिनं बोटं फिरवली, आणि आवाज कानांना यायच्या आधी तिच्या गळ्याखालच्या हाडात शिरला. तिचं अंग असं कधी कुणी हलवलं नव्हतं, आतून, प्रेमानं. तोंडानं शिवनाम चालू होतं आणि तिला वाटत होतं, आपण आत्ता कुणाची सून नाही, कुणाची बायको नाही, आपण नुसतं उभं राहणारं एक माणूस आहोत. भुकेची आठवण राहिली नाही. माणिकप्पा भिंतीशी बसून तिच्याकडं बघत होता, आणि त्याचा चेहरा इतका निवांत झालेला तिनं आधी पाहिला नव्हता न् नंतरही नाही. दिवेलागणीला कामावरची माणसं परतली. पुढं ईश्वरप्पा. तेव्हा तो पोरसवदाच होता, मिसरूड फुटलेलं. त्यानं बघितलं, मागच्या माणसांनी बघितलं, कुणीतरी चुकचुकलं. तो तरातरा आला, तिच्या डोक्यावरून वीणा काढली आणि नेऊन खुंटीला अडकवली. पाया पडला नाही. तिच्याकडं बघितलंही नाही. आवाज थांबला. सप्ता मोडला तो तिथं. पाऊस आला नाही. पुढच्या उन्हाळ्यात माणिकप्पा कामावरच्या छावणीत तापानं गेला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. मग लोकांनी हिशोब जुळवला, की बाईनं वीणा घेतली, पाणी सांडलं, म्हणून पाऊस फिरला आणि नवरा गेला. तिला तोंडावर कुणी म्हटलं नाही, पण सप्त्याच्या दिवसांत बाया तिला विभूतीचं ताट धरायला सांगेनाशा झाल्या. आणि वाईट ह्याचं, की कधी कधी तिलाही ते खरं वाटायचं. मग ती गळ्याखालच्या हाडावर बोट ठेवून बघायची. ते हाड तिच्याशी खोटं बोलत नव्हतं.

"वैनी, आवडलं न्हाई का?" ईश्वरप्पानं विचारलं. त्याचा आवाज जरा बारीक झाला होता. ती डागाकडंच बघत राहिली. शेषेरावांना वाटलं, बाईला नवऱ्याची आठवण आली. भला माणूस. ते म्हणाले, भोपळ्याला उन्हानं चीर गेली होती, आम्ही ती बुजवली, तारा नव्या घातल्या, आता पुन्हा शंभर वर्षं बघायला नको. आणि खिशातून किल्ली काढून त्यांनी काच उघडली. तुमच्याच गावची वस्तू, हात लावून बघा की, असं म्हणून त्यांनी वीणा उचलली, दोन्ही हातांवर आडवी घेतली, मग वजन पेलेना म्हणून उभी केली आणि तिच्यापुढं धरली.

पुढं जे झालं ते नीलाबाईनं ठरवून केलं नाही. तिनं ठरवलं होतं ते सोमवारचं. पण समोर कुणी वीणा उभी धरून थांबलंय म्हटल्यावर अंग विचारायला थांबत नाही. तिनं चपला सारल्या, वाकली, शेषेरावांच्या पायावर डोकं टेकवलं, उठली आणि पट्टा गळ्यात घेतला. आणि शेषेराव, कारखान्याचे मालक, जन्मभर नायगावकडच्या हरिनाम सप्त्यात पहारे केलेले, त्यांचंही अंग विचारायला थांबलं नाही. ते वाकले आणि तिच्या पायाला हात लावून, तो कपाळाला लावून उभे राहिले. मग त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांना कळलं, आपण काय करून बसलो. वस्तू दाखवायला दिली आणि पहारा सोपवून मोकळे झालो. नीलाबाईनं बोटं फिरवली. पॉलिशचा वास येत होता, तारा जास्तच चकचकीत बोलत होत्या. पण तो आवाज आधी हाडात शिरला, मग कानात आला. तीच होती.

ईश्वरप्पाला वाटलं, दोन मिनिटांची हौस. तो हसला, शेषेरावांना म्हणाला, दादाच्या संगतीनं ऐकून ऐकून शिकल्यात. मग पाच मिनिटं झाली. मग खालून कामगार जिन्यात येऊन उभे राहिले. मग ईश्वरप्पा म्हणाला, वैनी, चला, मोंढ्यात जायचंय, ठिवा आता. ती म्हणाली, "ठिवत नसतात." ते तिनं इतकं साधं म्हटलं, की त्याला आधी उमगलंच नाही. त्यानं शेषेरावांकडं बघितलं. शेषेराव टोपी काढून डोकं खाजवत होते. त्यांनी समजावून बघितलं. बाई, वस्तू संग्रहालयाची झाली, तुमच्या दिरानं दिलीय, आम्ही खपून नीट केलीय, नवी वीणा देतो तुम्हाला, सागवानाची, हिच्याहून गोड. तिनं मान हलवली. म्हणाली, नवी द्या की कुणालाबी, पण ही माझ्या गळ्यात हाय. मग तुमच्याकडून कुणी घ्यायची, शेषेरावांनी विचारलं. तुम्ही घ्या की, ती म्हणाली, रीतीनं घ्या, पण मग तुमाला बी खाली ठिवता येणार न्हाई, कारखाना कोण बघंल? जिन्यातले दोघेतिघे हसले. शेषेराव एक पाऊल मागं सरले. हात पुढं करायची त्यांची छाती झाली नाही.

"पण सप्ता कुठं बसलाय, वैनी?" ईश्वरप्पा आता चिडला होता, आणि चार माणसांत चिडावं लागतंय म्हणून आणखी चिडला होता. "सप्ता सोमवारी हाय. आज कशाचा पहारा?"

"बहात्तरचा," नीलाबाई म्हणाली. "तो उतरलाच न्हाई. तुमी वीणा काढून खुंटीला लावली, भावजी. पाया पडला न्हाईत."

ईश्वरप्पाचं तोंड उघडं राहिलं. तिला त्याची दया आली, खरंच आली. ज्यानं खाऊपिऊ घातलं त्याला परक्या गावात, परक्या माणसांदेखत असं म्हणायचं म्हणजे. उद्या ह्याच घरात राहायचंय, ह्याच गुरम्माच्या चुलीवर भाकरी थापायच्यात. आणि त्यानं ठेवून घेतलं नाही तर? गावाकडं पडकी खोली आहे. तिथं विहिरीत चिखल आहे. हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं, पण बोटं थांबली नाहीत. तिला भीती वाटत होती, आणि भीती वाटत असतानाही माणूस उभं राहू शकतं हे तिला बहात्तरपासून माहीत होतं. माझं काय जायचंय ते जाऊ दे, तिनं मनात म्हटलं. ह्या वेळी मी झेललेली वस्तू कुणाला काढून घेऊ देणार नाही.

शेषेरावांनी शेवटी टोपी डोक्यावर घातली. ते ईश्वरप्पाला म्हणाले, "आप्पा, माझ्या हातानं गेली ती. मीच पाया पडलो. आता मला मागता येत न्हाई. माझ्या आईला कळलं तर ती वरून खाली येऊन मला मारंल." मग त्यांनी रिकाम्या कपाटाकडं बघितलं आणि विचारलं, पाटीचं काय करायचं? नीलाबाई म्हणाली, पाटी ऱ्हाऊ द्या, त्यांचं नाव हाय. वस्तू हवी असली तर भावजींनी कर्णा आणलाय नवा, तो आडवा ठिवा, त्याला काई होत न्हाई. ह्यावर जिन्यातली सगळीच हसली आणि ईश्वरप्पा ताडकन जिना उतरून गेला.

नांदेडच्या स्टँडवर गर्दी ही. गुरुद्वाऱ्याला आलेली माणसं, कॉलेजातली पोरं, गाठोडी. गळ्यात वीणा घेतलेली बाई बघून लोक वाट करून देत होते. लातूरची गाडी लागली. कंडक्टरनं वीणेकडं बघून लगेजचं तिकीट फाडायला हात तिकिटांच्या पेटीकडं नेला, मग काय वाटलं कोण जाणे, नेला तसा परत आणला. एका सरदारजीनं उठून आपली जागा दिली. ती म्हणाली, नको बाबा, उभी राहते. तो म्हणाला, इतक्या लांब? तिनं दांड्याला पाठ टेकवली, पाय फाकवून गाडीच्या हिसक्यांना तोल सांभाळला आणि बोटं फिरवत राहिली. हळू, गाडीच्या आवाजात ऐकूही येऊ नये इतकी हळू. पण थांबली नाही. ईश्वरप्पा दोन सीट पुढं खिडकीला बसला होता, तिच्याकडं पाठ करून. मोंढ्यातलं काम त्यानं तसंच टाकलं होतं. त्याची मान तिला मागून दिसत होती. माणिकप्पाची मान अशीच होती, कानामागं तीच वळी. लोह्याला काही माणसं उतरली, काही चढली. एक म्हातारी चढली, तिनं भोपळ्याला हात लावून कपाळाला लावला आणि पाऊस पडू दे गं माय, म्हणाली, जशी काही नीलाबाईच पाडणार होती. कुणी तिला असं म्हणेल, आणि म्हणताना तोंड फिरवणार नाही, हे तिला नवीनच होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पुसायला हात रिकामा नव्हता, म्हणून ते तसंच सुकलं.

पायांना मुंग्या आल्या. मग कळ आली, मग कळही कळेनाशी झाली. पन्नाशीला टेकलेली बाई ती, काय करणार. बाहेर ऊन उतरत होतं, पिवळ्या ज्वारीवर, भेगा पडलेल्या काळ्या रानावर. ढग होते, पण ते कसले, नुसते येऊन बघून जाणारे, सोयऱ्यांसारखे. पाऊस येईल की नाही तिला ठाऊक नव्हतं. बहात्तरला तिनं पावसासाठी वीणा घेतली असं लोकांना वाटलं, पण तिनं ती माणिकप्पासाठी घेतली होती, आणि आवाज थांबू नये म्हणून. मग पाऊस का तिच्या माथी मारला? हे तिला आज पहिल्यांदाच इतकं स्वच्छ दिसलं, आणि राग आला. एवढी वर्षं तो राग कुठं होता कोण जाणे. गाडीनं एका खड्ड्यात गचका खाल्ला, तिचा तोल गेला, गुडघा वाकला. दोन्ही हातांनी तिनं वीणा वर धरली, आणि तिला कळलं, की आपण अगदी त्याच्यासारखं केलं. अहमदपूर यायचं होतं अजून.

तेव्हा ईश्वरप्पा उठला. गचक्याला त्यानं मागं वळून बघितलं असणार, किंवा आधीपासूनच बघत असेल, तिला कळलं नाही. तो सीटांच्या पाठी धरत धरत आला आणि तिच्यापुढं उभा राहिला. जाडजूड माणूस, मोंढ्यात ज्याच्यापुढं हमाल उठून उभे राहतात. त्याच्या डोळ्यांकडं तिनं बघितलं नाही. म्हणाला, "वैनी, मी ल्हान होतो. मागं लोक होते माझ्या." हे तिला पुरेसं नव्हतं, आणि तिनं ते लपवलं नाही. बोटं चालू राहिली. मग त्यानं एकदा गाडीभर नजर फिरवली, सरदारजी बघत होता, म्हातारी बघत होती, कंडक्टर बघत होता. त्यानं पायातले बूट काढले. धोतर सावरून तो गाडीच्या त्या धुळीच्या, शेंगांच्या टरफलांच्या फरशीवर गुडघे टेकून बसला आणि त्यानं तिच्या दोन्ही पावलांवर डोकं ठेवलं. लगेच उचललं नाही. गाडी हलत होती, आणि त्याचं कपाळ तिच्या पावलांवर हलत होतं.

तो उठल्यावर तिनं पट्टा डोक्यावरून काढला आणि त्याच्या गळ्यात घातला. त्याची बोटं तारांवर अडखळली, मग लागली. मग ती वाकली आणि आपल्या धाकट्या दिराच्या पायाला तिनं हात लावला, रीत होती म्हणून, आणि रीतीपलीकडंही. सरदारजीनं जागा पुन्हा मोकळी केली. नीलाबाई बसली. बसल्यावर तिला कळलं, आपले पाय किती वर्षं दुखत होते. तिनं ते पुढं पसरले, शेंगांच्या टरफलांवर, बिनधास्त.

"सोमवारपर्यंत उभं ऱ्हावं लागंल, भावजी," ती म्हणाली. "वाटंत दुसरं कुणी न्हाई."

"हाव," ईश्वरप्पा म्हणाला. त्याच्या कपाळाला धूळ लागली होती. "आन् सोमवारी?"

"सोमवारी पयला पहारा माझा," असं म्हणून नीलाबाईनं डोकं खिडकीला टेकवलं आणि डोळे मिटले, आणि अहमदपूर येऊन गेलं तरी तिला जाग आली नाही.